गीता अध्याय ६, श्लोक १६-१७ : तीस मिलीचं माप



सहाव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकापाशी आपण थांबलो होतो, तेव्हा मे महिना संपत आला होता. मध्ये दीड महिना गेला. बऱ्याच जणांचे निरोप आले, "ताई, बरी आहेस ना?" बरी आहे. खरं कारण तेव्हा सांगायचा धीर झाला नव्हता, आज सांगते. २७ मे २०२५ला माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालं. आज मंगळवार, बरोबर सहा आठवडे झाले. आणि गंमत बघा, परत लिहायला बसले तर पुढचा श्लोक कुठला यावा? सोळावा. खाण्यावरचाच. मी शोधून काढलेला नाही, क्रमानेच आला.

अर्थ सोपा आहे. भगवंत म्हणतात, जो अति खातो त्याला योग साधत नाही, आणि जो मुळीच खात नाही त्यालाही साधत नाही. खूप झोपणाऱ्यालाही नाही आणि सदा जागणाऱ्यालाही नाही. मग सतराव्यात सांगतात की ज्याचं खाणं, फिरणं, काम, झोप आणि जाग हे सगळं 'युक्त' आहे, त्याचा योग दुःख घालवतो.

मी हा श्लोक कॉलेजपासून पाठ म्हणतेय. पण प्रत्येक वेळी पहिल्या अर्ध्याशीच अडकायचे. अति खाणारा, म्हणजे मीच. ११८ किलो वजन, उंची पाच फूट दोन इंच, तिशीतच मधुमेह. झोपेत श्वास अडकायचा, त्यामुळे रात्री झोप नाही आणि दिवसा ऐरोलीच्या ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना डोळे मिटायचे. म्हणजे झोपेचाही गुन्हा माझ्याच खात्यावर. श्लोक म्हणताना वाटायचं, देव पहिल्याच रांगेतून मला उठवून बाहेर पाठवतोय. श्लोकाचा दुसरा अर्धा, न खाणाऱ्याबद्दलचा, माझ्यासाठी आहे असं कधी स्वप्नातही आलं नाही. आज लिहायचंय ते त्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल.

आधी ऑपरेशनचं थोडक्यात, कारण लोकांचे गैरसमज फार आहेत. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मशीनने चरबी ओढून काढली ना गं?" नाही. माझं झालं त्याला स्लीव्ह म्हणतात. दुर्बिणीतून, पोटावर पाच छोटी छिद्रं पाडून, जठराचा साधारण तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग काढून टाकतात. उरते केळ्याच्या आकाराची एक नळी. जठराचा जो वरचा फुगीर भाग जातो, तिथेच घ्रेलिन नावाचं भूक लावणारं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. म्हणून पोट तर लहान होतंच, पण भुकेची हाकही मंदावते. हे काही नवीन नाही. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतली, ती बातमी बाबांनी तेव्हाच मला वाचून दाखवली होती. मी तेव्हा कॉलेजात होते आणि रागाने ताटावरून उठून गेले होते. आता हसू येतं.

एक वाक्य मात्र सगळ्यात जास्त लागलं. आमच्या सत्संगातल्या एका दादांनी प्रेमानेच म्हटलं, "नामस्मरणाने संयम आला असता. शॉर्टकट कशाला घेतलास?" दोन रात्री मी तेच घोळवत होते. देवाने दिलेलं शरीर मी कापून घेतलं का? माझी भक्ती कमी पडली का? मग एकदा वाटलं, याच दादांनी गेल्या वर्षी डोळ्यांत लेन्स बसवून घेतली. तेव्हा कुणी म्हणालं नाही की नामाने दिसायला लागलं असतं! पण हे मी त्यांना बोलले नाही. आणि खरं सांगायचं तर शॉर्टकट हा शब्दच चूक आहे, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

ऑपरेशनच्या संध्याकाळीच वॉर्डात चालवलं. खांद्यात कळ येत होती, कारण पोट फुगवायला भरलेला वायू तिथे बोचतो. श्वासाच्या व्यायामाचं ते तीन चेंडूंचं यंत्र हातात. आणि दुसऱ्या दिवशी सिस्टरने समोर ठेवला तो औषधाचा प्लास्टिकचा इवलासा पेला, तीस मिलीचा. खोकल्याच्या बाटलीबरोबर येतो ना, तोच. म्हणाल्या, "एवढं पाणी, पंधरा मिनिटांत. घोट घोट. गटकन नाही." मी हसले. तीस मिली! मी तर एका दमात अर्धी बाटली संपवणारी. पहिला घोट घेतला आणि छातीत अडकल्यासारखं झालं. चौथ्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. एक पेला संपायला वीस मिनिटं लागली. दिवसाला दीड लिटर गाठायचं म्हणजे असे पन्नास पेले. पन्नास! हिशेब करताना मला जपमाळच आठवली. मग खरंच तसं केलं. प्रत्येक घोटाला एक नाम. पेला संपला की वहीत एक रेघ.

विनोबा आठवले ते तिथेच. विनोबा आपल्याच रायगडचे, पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मलेले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, तीच 'गीता प्रवचने'. त्यात या सहाव्या अध्यायावर बोलताना ते ध्यानासाठी चित्ताच्या एकाग्रतेसोबत जीवनाची परिमितता मागतात. म्हणजे सगळं मापात. त्यांचा दाखला औषधाचाच आहे, औषध जसं मोजून घेतो तशी झोप आणि जेवण मोजून. हे मी पूर्वी वाचलं होतं आणि पुढे सरकले होते. आता औषधाचाच पेला हातात होता. आणि हे सांगणारा माणूस पुढे पोटात व्रण घेऊन भूदानासाठी गावोगाव चालला, तो थोड्या थोड्या दूध-दह्यावर. मापाबद्दल बोलायचा अधिकार त्यांना होता.

पनवेलला घरी आल्यावरचे दिवस म्हणजे बाळाचे दिवस. पहिला आठवडा फक्त पातळ. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं डाळीचं पाणी, पातळ ताक. दुसऱ्या आठवड्यात दूध, प्रोटीनची पावडर, गाळलेली सूप. तिसऱ्यापासून कुस्करलेलं, म्हणजे मूगडाळ घोटून, पनीर चुरून. पाचव्यापासून मऊ, चावायचं पण तीस-तीस वेळा. जेवताना पाणी नाही, जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा तास सोडून. गोळ्या वेगळ्याच, त्यातल्या काही जन्मभर.

यात एक गोष्ट सापडली ती सांगते. पंधराव्या अध्यायातला तो वैश्वानराचा श्लोक आठवतो ना? भगवंत म्हणतात की प्राण्यांच्या देहात जठराग्नी होऊन मीच राहतो आणि चार प्रकारचं अन्न मीच पचवतो. ते चार प्रकार म्हणजे भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. चावून खायचं, मऊ गिळायचं, चाटायचं, चोखायचं. ताटात हे चारही एकदम असतात, त्यामुळे आपण कधी वेगळे बघत नाही. मला ते उलट्या क्रमाने, एकेक करून परत मिळाले. आधी घोट, मग चमच्याला लागलेलं, मग मऊ, मग घास. पाचव्या आठवड्यात मी पहिल्यांदा मऊ इडलीचा तुकडा चावला तेव्हा अक्षरशः हात जोडले गेले. आई म्हणाली, "अगं, इडली आहे ती." आणि एक प्रश्न मनात आला, तो अजून सुटलेला नाही. जठर एवढंसं उरलं, मग त्यातला अग्नीही एवढासाच उरला का? की अग्नी तेवढाच आहे, आणि मीच आजवर त्याच्यावर ओली लाकडं रचत होते?

जिभेचं मात्र ऑपरेशन होत नाही, मंडळी. हे डॉक्टरही सांगतात, आणि माऊलींनी तर केव्हाच सांगून ठेवलंय. पोटाची भूक गेली होती. तरी चौथ्या आठवड्यात पनवेल स्टेशनबाहेरून रिक्षाने जाताना तळणाचा वास आला आणि मी चक्क रडले. भूक नव्हती. मग काय होतं ते? दिवसभराचा शीण, बॉसचा राग, लग्नाबद्दल कुणी टोचून बोललेलं, सगळं मी वर्षानुवर्षं वडापावात गुंडाळून गिळत होते. आता गिळायला जागाच नाही, त्यामुळे सगळं घशाशी येऊन उभं. त्या रात्री हरिपाठ म्हणताना मध्येच आवाज फुटला. आई काही बोलली नाही, टाळ वाजवत राहिली.

आता मुद्द्यावर येते. ज्ञानेश्वरीत माऊली या सोळाव्या श्लोकावर दोन माणसं उभी करतात. एक, जो जिभेचा अंकित झालाय. त्याला मी ओळखत होतेच. दुसरा, जो हट्टाला पेटून भुकेला आणि तहानेला कोंडून ठेवतो. या दुसऱ्याचं तर शरीरच त्याच्या ताब्यात राहत नाही, मग योग कुठला, असं माऊली विचारतात. ही दुसरी व्यक्ती मला कधी भेटलीच नव्हती. पाचव्या आठवड्यात आरशात भेटली.

झालं असं की वजनकाटा उतरायला लागला. एकेक किलो. सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मी काट्यावर उभी राहायला लागले. १०८ झाले तेव्हा काय आनंद! म्हटलं शुभ आकडा आहे. मग हळूच एक विचार आला. भूक तर नाहीच, मग सांगितलेलं सगळं खायची काय गरज? दिवसाला साठ ग्रॅमच्या वर प्रोटीन घ्यायचं होतं, मी पस्तीसवर थांबायला लागले. दुपारचं पनीर डबीत तसंच परत. पाण्याच्या रेघा पन्नासच्या तीस झाल्या. आणि याची मला लाज नव्हती, गंमत वाटत होती. कुणी विचारलं की मी म्हणायचे, "मला काही लागतच नाही हो आता." ऐकणारे म्हणायचे, वा, काय संयम! आयुष्यात पहिल्यांदा माझ्या खाण्याचं कौतुक होत होतं, म्हणजे न खाण्याचं. ज्या दादांनी शॉर्टकट म्हटलं होतं तेही म्हणाले, "आता खरी साधना दिसते तुझी." मी फुलून गेले. काय सांगू, वडापावची नशा बरी, तिला निदान माणूस नशा म्हणून ओळखतो.

अशात परवा आषाढी आली, रविवारी, ६ जुलैला. आमच्याकडे एकादशीला धान्य, डाळ शिजत नाही. आजीच्या आधीपासूनचा नियम आहे. डाएटिशियन मॅडमनी आधीच बजावलं होतं की निदान पहिलं वर्षभर उपवास नाही. साबुदाणा चिकट आणि नुसता पिष्ट, त्यात प्रोटीन जवळपास नाही, आणि कोरडा उपवास केलात तर सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. पण मी मनाशी ठरवलं, या वर्षी निर्जळी. दर वर्षी उपवासाच्या नावाखाली दोन ताटल्या खिचडी, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस आणि वर श्रीखंड खाणारी मी, या वर्षी विठोबाला खरा उपवास दाखवणार होते. घरी सांगितलं नाही. सकाळी पेला भरून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला. वहीत रेघ मात्र मारली. हो, खोटी रेघ. नामाच्या वहीत.

साडेअकराच्या सुमाराला घराजवळच्या विठ्ठल मंदिरात रांगेत उभी होते. बाहेर पाऊस, आत ओल्या छत्र्यांचा वास, माईकवर अभंग. समोरच्या बाईच्या पदराची किनार एकदम लांब गेल्यासारखी दिसली. कानात शिट्टी. मागच्या एका काकूंनी धरलं नसतं तर दगडी पायरीवर कपाळ आपटलं असतं. त्यांनी मला भिंतीला टेकवून बसवलं. "उपवास आहे का गं? मग पाणी तरी प्यायचंस!" मी मान हलवली. पाणी दिलं तर पटकन पिता येईना, घोट घोटच. अर्धा तास त्या काकू माझ्याजवळ बसून राहिल्या, स्वतःचा रांगेतला नंबर सोडून. त्यांचं दर्शन माझ्यामुळे चुकलं. मूर्ती मला तिथून दिसतच नव्हती, नुसत्या लोकांच्या पाठी.

घरी येऊन मॅडमना फोन लावला. त्या ओरडल्या, ते सोडा. शेवटी म्हणाल्या, "हे खाणं आता तुमचं औषध आहे. औषधाला उपवास असतो का?" त्यांना माहीत नसेल, पण हे शास्त्रातलंच उत्तर होतं. व्रताने काय मोडत नाही याची आठ गोष्टींची एक यादी आपल्या ग्रंथांत येते. पाणी, कंदमुळं, फळं, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचं वचन आणि औषध. औषध त्या यादीत आहे. आजाऱ्याला, लहानांना, वृद्धांना सूट देणाऱ्या धर्मशास्त्राने मला कधी उपाशी ठेवलंच नव्हतं. उपाशी ठेवणारी मीच होते, आणि नाव विठोबाचं घेत होते.

म्हणून सतराव्या श्लोकातल्या त्या 'युक्त' शब्दापाशी मी आता वेगळ्या तऱ्हेने थांबते. आपण त्याचा अर्थ 'कमी' असा करून टाकलाय. कमी खा, कमी झोप, कमी बोल. पण युक्त म्हणजे जोडलेलं, जुळलेलं. माझ्यासाठी परवाच्या दिवशी युक्त म्हणजे जास्त खाणं होतं! पन्नास पेले आणि साठ ग्रॅम. तीस पेल्यांवर थांबणं हा संयम नव्हता, तो अतिरेकच होता, फक्त तोंड दुसरीकडे केलेला. मला वाटायचं खादाडपणा आणि उपास हे एकमेकांचे शत्रू. दोघांची चूल एकच निघाली. दोन्ही वेळा मीच मध्यभागी बसलेली, आधी ताटासमोर, मग काट्यावर.

तुमच्यात कुणी वजनासाठी असं ऑपरेशन केलेलं असेल, किंवा जिममुळे, परीक्षेमुळे, कुणाच्या टोमण्यामुळे जेवण टाळत असेल आणि त्याला व्रताचं नाव देत असेल, तर मला सांगा, लपवू नका. आणि तुमच्या डॉक्टरांनाही सांगा. उलट्या होत असतील, पाणी जात नसेल, चक्कर येत असेल तर उद्यावर टाकू नका. हे मी देवाधर्माच्या पानावर मुद्दाम लिहितेय.

आता आईचं. फोन ठेवला तेव्हा ती दारात उभी होती, सगळं ऐकलं होतं तिने. एकही शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने कुकरची शिट्टी झाली आणि मूगडाळीचा वास आला. मी धावत गेले, "आई, आज आषाढी आहे!" ती म्हणाली, "माहितेय मला." आमच्या घरात एकादशीला डाळ शिजलेली मी जन्मात पाहिली नव्हती. तिने ती घोटली, चिमूटभर मीठ, जिऱ्याचं पाणी. चांदीच्या लहान वाटीत काढली, आदल्या दिवशी तोडून ठेवलेलं तुळशीचं पान वर ठेवलं. मग देवघरापुढे जरा थबकली. बघा, एकादशीला विठोबाला डाळीचा नैवेद्य! तिचा हात क्षणभर थांबलेला मी पाहिला. मग तिने वाटीभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि वाटी माझ्या हातात दिली. "त्याने आधी चाखलंय. आता तू."

चाळीस मिनिटं लागली. ती समोर बसून होती, तिचा स्वतःचा उपवास. तीन-चार चमचे उरले, ते पोटात जाईनात. पूर्वी मी ते संपवून टाकले असते, आणि गेल्या आठवड्यात मी ते सुरुवातीलाच ठेवून दिले असते. आईने वाटी झाकून फ्रिजमध्ये ठेवली. काल द्वादशीला पारण्याच्या पानावर बसली तेव्हा तीच वाटी गरम करून घेतली, आणि पहिला घास तिचाच घेतला.

उद्या अठरावा श्लोक. राम कृष्ण हरी!